तायडेबाबूंची सतरावी सभा

चार माणसं एकत्र उभी दिसली की तायडेबाबू तिथे जाऊन उभे राहतात. ओळख असो वा नसो. कोणी काही विचारायच्या आत सगळ्यांवरून एकदा बोट फिरवून मोजतात, शेवटी ते बोट स्वतःच्या छातीवर टेकवतात आणि समाधानानं म्हणतात, "आता पाच झालो. आता बेकायदेशीर."

मेहकरच्या तहसील कचेरीसमोर माझं टायपिंगचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक टेबल, एक कॉम्प्युटर आणि एक झेरॉक्स मशीन, तिला धूळ लागू नये म्हणून वर सासूबाईंची जुनी साडी. बावीस वर्षं मी लोकांचे अर्ज टाइप करते आहे. अर्ज देणारा माणूस खरंच नाडलेला आहे, नुसता चिडलाय की डोक्यानं सुटलाय, हे मला पहिल्या ओळीत कळतं. तायडेबाबूंच्या बाबतीत मात्र मला दोन वर्षं काही ठरवता आलं नाही.

माझ्या दुकानाच्या बाजूला चहाची टपरी आहे, तिथे माणसं घोळक्यानं उभी असतातच. एकदा चार सख्खे भाऊ वाटणीच्या कागदासाठी आलेले. सकाळपासून एकमेकांचं तोंड बघत नव्हते. तायडेबाबू पाचवे म्हणून त्यांच्यात शिरले आणि त्यांना बेकायदेशीर ठरवून मोकळे झाले. चौघा भावांचं एकदम एकमत झालं आणि सगळे मिळून बाबूंवर तुटून पडले. त्या दिवशी वाटणी अर्ध्या तासात झाली. बाबूंना याचं काहीच वाटलं नाही. मला म्हणाले, "इंग्रज चौघांले भेत नव्हता, ताई. तो पाचव्याले भेत होता. कायदाच वाचून पाहा."

इंग्रजांविषयी ते असंच बोलतात, जसं काही काल-परवापर्यंत एका ऑफिसात बसत होते. त्याला कारणही आहे. सुखदेव तायडे म्हणजे एकतीस वर्षं सरकारी रेकॉर्ड रूममध्ये काढलेला माणूस. बारीक अंग, खिशाला तीन पेनं, त्यातलं एक लाल. बाकीचे बाबू लोक बदलीसाठी साहेबांच्या मागे लागायचे. हे मात्र बदली होऊ नये म्हणून लागायचे. तिथे एका कोपऱ्यात त्यांना लाल फडक्यात बांधलेला एक बस्ता सापडला. त्यात होती स्वातंत्र्याआधीची, आपल्या भागातल्या सभांची कागदपत्रं. म्हणजे न झालेल्या सभांची. इंग्रज साहेबांनी होऊ न दिलेल्या.

तायडेबाबूंनी त्या बस्त्याची गाठ सोडली आणि त्यांचं आयुष्य मार्गी लागलं. जेवणाच्या सुट्टीत बसून त्यांनी एकेका कागदाची नक्कल उतरवून घेतली. इंग्रजी कागदांचं मराठी स्वतः केलं. "मूळ कागद सरकारचा, नक्कल माही," असं ते सांगतात. त्या नकला एका जाड वहीत आहेत आणि ती वही ते बाळाला धरावं तशी दोन्ही हातांनी धरतात.

त्या वहीतल्या साहेब लोकांचं त्यांना कौतुकच फार. लाठी घेऊन धावणारा साहेब त्यांच्या लेखी बिनडोक. खरा हुशार तो, जो मनाई हुकूम काढतच नव्हता. सभेच्या दिवशी तो गावात देवी टोचायला डॉक्टर पाठवायचा. डॉक्टर आला म्हटलं की अख्खं गाव पोराबाळांसकट शेतात पळायचं आणि वक्ता पारावर एकटा उभा. दुसऱ्या एका साहेबानं दौऱ्याच्या नावाखाली पंचक्रोशीतल्या सगळ्या बैलगाड्या त्याच दिवशी कामाला लावल्या होत्या. तिसऱ्यानं सभेच्या शेजारीच कुस्त्यांचा फड लावून दिला आणि सभेच्या अध्यक्षांनाच पंच म्हणून बोलावलं. अध्यक्ष गेले. हे सांगताना तायडेबाबू इतके हसतात की त्यांना ठसका लागतो आणि मला पाणी आणायला उठावं लागतं.

पण हसून झालं की त्यांच्यातला कारकून जागा होतो. वहीत अशा एकूण सतरा सभा आहेत. सतरा सभा जाहीर झाल्या, विषय ठरले आणि कामकाज झालं नाही. "कामकाज नाही म्हणजे निकाल नाही. निकाल नाही म्हणजे पेंडिंग," बाबू म्हणतात. पेंडिंग हा शब्द ते एखाद्या रोगाचं नाव घ्यावं तसा घेतात. आपण निवृत्त झालो आणि सतरा प्रकरणं पेंडिंग ठेवून आलो, ही गोष्ट त्यांना झोपू देईना. म्हणून निवृत्तीनंतरच्या दुसऱ्याच महिन्यापासून त्यांनी त्या सभा एकेक करून भरवायला सुरुवात केली.

पद्धत ठरलेली. आधी त्या गावाला जाऊन यायचं. मग माझ्याकडून पत्रक टाइप करून घ्यायचं, विषय अगदी तोच, जो तेव्हा ठरला होता. मग पोलीस ठाण्यात परवानगीचा अर्ज. पहिल्या अर्जावर विषय होता 'विलायती कापडावर बहिष्कार'. ठाणेदारांनी दोनदा वाचला आणि कोणत्या पार्टीचे म्हणून विचारलं. बाबू म्हणाले, पार्टी नाही साहेब, पेंडिंग आहे. ठाणेदारांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं, चहा पाजला आणि तिथल्या तिथे परवानगी देऊन टाकली. बाबू पडेल चेहऱ्यानं माझ्या दुकानात आले. इंग्रज असता तर या एवढ्या सभेवर पंचवीस कागद झाले असते, म्हणाले. आता कोणी घाबरतच नाही.

सभेत अध्यक्ष गावचा, सूचक गावचा, अनुमोदक गावचा. ठराव हात वर करून मंजूर. तायडेबाबू स्वतः फक्त निमंत्रक. ते एका बाजूला खुर्चीवर बसून इतिवृत्त लिहितात, एक शब्द बोलत नाहीत. शेवटी लाल पेनानं वहीत त्या पानावर 'निकाली' असं लिहितात आणि पेनाला टोपण लावतात.

ती विलायती कापडाची सभा धामणगाव बढ्याला बाजाराच्या दिवशी झाली. ठरावाला अनुमोदन दिलं ते नेमकं टी-शर्ट विकणाऱ्यानं. त्याच्या मालावर छातीभर परदेशी नावं छापलेली. सभा संपल्यावर तो पुन्हा आपल्या गाडीवर गेला आणि हा ठरावाच्या आधीचा माल आहे, संपत आला, असं ओरडून त्यानं सगळा माल खपवला.

शेगावची सभा सगळ्यात मोठी झाली. स्टेशनकडून येणाऱ्या रस्त्यावर बाबूंनी आठ माणसं ओळीनं उभी केली, कारण खुर्च्या घेऊन येणारा टेम्पो खामगावला पंक्चर झाला होता. शेगावात ओळ दिसली की माणूस मागे उभा राहतो. पाऊण तासात दीडशे लोक झाले. पुढे दर्शनाचे पास मिळतात, असं मागच्यांचं म्हणणं पडलं. जंगलातल्या गवतावरचा कर माफ करावा, हा ठराव अकोल्याच्या, जळगावच्या, नांदेडच्या भाविकांनी हात जोडून मंजूर केला. इतक्या भक्तिभावानं मंजूर झालेला ठराव मी दुसरा टाइप केलेला नाही.

आणि जानेफळच्या सभेला चक्क परवानगी नाकारली गेली. कुठलीशी निवडणूक होती, जमावबंदी लागलेली. बाबूंनी ते पत्र मागून घेतलं आणि पेढे घेऊन आले. त्याच सभेला दुसऱ्यांदा मनाई. "कागद जिवंत झाला, ताई," म्हणाले. ते पत्र त्यांनी फ्रेम करून घरात लावलंय. दोन महिन्यांनी सभा घेतली, पण तिचा त्यांना तेवढा आनंद झाला नाही.

ती फ्रेम बघायला म्हणून मी एकदा त्यांच्या घरी गेले. बुद्धविहाराच्या मागे दोन खोल्यांचं घर. बायको जाऊन सहा वर्षं झालेली. मुलगा पुण्याला, रविवारी फोन करतो. पुढच्या खोलीत प्लास्टिकच्या अकरा खुर्च्या एकावर एक रचलेल्या. एकट्या माणसाला अकरा खुर्च्या कशाला, असं मी बोलून गेले आणि लगेच जीभ चावली. बाबू सहज म्हणाले, सभेला लागतात. मग चहा टाकायला उठले आणि त्या ढिगातल्या दोन खुर्च्या काढून त्यांनी समोरासमोर मांडल्या.

आता त्या सतराव्या सभेविषयी.

दर वेळी यादी टाइप करताना बाबू शेवटचं पान दुमडून ठेवायचे. मी नाक खुपसणारी बाई आहे, हे मला मान्य आहे. विचारलं की ते पान फाटलंय म्हणायचे. गेल्या हिवाळ्यात सोळावी निकाली निघाली. मी म्हटलं, बाबू, एक पेंडिंग ठेवून तुम्हाला झोप कशी लागते? त्यांनी वही माझ्या टेबलावर उघडी ठेवली आणि स्वतः रस्त्याकडे तोंड करून बसले.

ते पान त्यांच्याच गावचं होतं. गावाचं नाव मी लिहिणार नाही, तसा शब्द दिलाय. तिथे शाळेतल्या विश्वनाथ मास्तरांनी पारावर भाषण करायचं जाहीर केलं होतं. साहेबानं मनाई केली नाही, डॉक्टरही पाठवला नाही. तो स्वतः येऊन बसला आणि गावच्या कोतवालाला हुकूम दिला की मास्तर बोलायला लागला की त्याच्या बाजूला उभं राहून डफडं वाजवायचं. त्याप्रमाणे झालं. मास्तरचं भाषण कोणालाही ऐकू आलं नाही. पुढे साहेबानं लिहिलेलं: पुरे म्हणून हात केल्यावरही कोतवाल पाव तास वाजवत राहिला, कामात अति उत्साही आहे. त्याखाली कोतवालाचा अंगठा आणि नाव, शंकर तायडे.

"हा माह्या बापाचा बाप," बाबू म्हणाले.

मग त्यांनी हळूहळू सांगितलं. मास्तरांना पकडून नेलं. सुटून आले तेव्हा गावानं मिरवणूक काढली. आजही शाळेत त्यांचा फोटो आहे आणि दर सव्वीस जानेवारीला त्यांच्या जळजळीत भाषणाची आठवण सांगतात, जे कोणी ऐकलेलंच नाही. आणि शंकर कोतवाल म्हणजे सभा मोडणारा. बाबू शाळेत असताना पोरं त्यांच्या मागे पाटी बडवत चालायची. मॅट्रिक होताच त्यांनी गाव सोडलं. आजानं मरेपर्यंत त्या दिवसाबद्दल तोंड उघडलं नाही, कोणी शिवी दिली तरी खाली मान घालून पुढे जायचा.

"हुकूम होता, वाजवलं. वतनाचं काम, नाही म्हणाची सोय होती का? त्याचं मले काई नाई," बाबू रस्त्याकडेच बघत म्हणाले. "पण सायबानं पुरे म्हटल्यावर काऊन वाजवलं? ते पाव घंटा कोणाच्या हुकमानं वाजवलं, ताई?"

मास्तरांची मुलगी, मैनाबाई, अजून गावात होती. नव्वदीला टेकलेली. तिच्यासमोर, गावासमोर आजाच्या वतीनं माफी मागायची आणि वही बंद करायची, एवढंच बाबूंना करायचं होतं. आणि ती सभेला आलीच नाही तर, या भीतीनं सोळा सभा आधी घेऊन झाल्या होत्या. माणूस दोन वर्षं गावोगाव का हिंडत होता, ते मला तेव्हा कळलं. मला फार वाईट वाटलं आणि रागही आला, कोणाचा ते नक्की सांगता येणार नाही. मी पत्रक टाइप केलं आणि खाली निमंत्रक म्हणून त्यांच्या नावाशेजारी माझंही नाव टाकलं.

ठरल्या दिवशी मी दुकान बंद ठेवलं. सकाळी दहाला अकरा खुर्च्यांसकट आम्ही गावात उतरलो आणि आधी मैनाबाईंकडे गेलो. ओसरीवर एवढीशी म्हातारी सूप घेऊन तूर पाखडत बसलेली. तोंडात एक दात नाही, कान मात्र शाबूत. बाबू पायरीशीच थांबले आणि हात जोडून म्हणाले, मी शंकर कोतवालाचा नातू. पुढचं वाक्य त्यांनी महिनाभर पाठ केलं होतं, मला माहीत आहे, कारण मीच ते टाइप करून दिलं होतं. ते बोलायच्या आत म्हातारी म्हणाली, वर ये, पायरीवर काऊन उभा? आणि माफीचा शब्द निघताच ती सूप बाजूला ठेवून हसायला लागली. हसता हसता तिनं पदर डोळ्यांना लावला.

"माह्या बापाले भाषण येतच नव्हतं, रे," ती म्हणाली. "चार दिवस पाठ केलं. मायले ऐकवलं, मले ऐकवलं, बैलायले ऐकवलं. अन् पारावर उभा राह्यला, सामने पोलीस पाह्यले, त सारं विसरला. मी त्याच्या पायापाशी बसली होती, पाच-सहा वर्साची. नुसते ओठ हलवे अन् हात वर करे. एक शबद निघाला नाई."

बाबू पायरी चढून तिच्यासमोर बसले.

"सायबानं हात केला, पुरे. माह्या बापाचं तोंड पांढरं पडलं. आता डफडं थांबलं असतं त साऱ्या गावाले समजलं असतं. तुह्या आजानं त्याच्याकडं पाह्यलं, अन् अजून जोरात वाजवलं. बाप हात खाली करेपर्यंत वाजवलं. तवा तुह्या आजाले या ओसरीची पायरी बंद होती. तरी त्यानं आमचं झाकलं. जल्मभर शिव्या खाल्ल्या, पण सांगतलं नाई. बापाचीही हिंमत झाली नाई, अन् माही बी नाई. माफी कोण कोणाले मागाची, सांग?"

तूर खायला कोंबडी सुपापाशी आली, तिला कोणी हाकललं नाही. मग बाबूंनी म्हातारीला विचारलं की हे गावात सांगायचं का. ती म्हणाली, शाळेत फोटो आहे, राहू दे, पोरं पाया पडतात. मी हे लिहू का म्हणून विचारलं, तर गावाचं नाव गाळून लिही म्हणाली.

पारावर सत्तरेक माणसं जमली. सरपंच, शाळेचे गुरुजी, विहाराकडची सगळी मंडळी. अध्यक्ष मैनाबाई. विषय तोच, परदेशी सत्तेनं देश सोडावा. सूचना, अनुमोदन, हात वर, मंजूर. देश सुटून किती वर्षं झाली ते गुरुजींनी सांगितलं आणि लोक हसले. आता बाबूंनी लाल पेन काढायचं आणि आम्ही घरी जायचं. पण अध्यक्षांनी काठी आपटली आणि म्हणाल्या, "आता शंकर कोतवालाचा नातू बोलन."

सोळा सभांत हा माणूस एक शब्द बोललेला नव्हता. ते उठले. वही खुर्चीवर ठेवली, चष्मा काढला, पुन्हा लावला. त्याच पारावर, त्याच जागी उभे राहिले. तोंड उघडलं आणि आवाज निघेना. ओठ हलत होते. पुढच्या रांगेतली माणसं कान पुढे करायला लागली, मागून कोणीतरी जोरात बोला म्हणालं. बाबूंचा चेहरा पार उतरला.

मैनाबाईंनी टाळी वाजवली. दोन वाळक्या तळहातांचा तो आवाज कितीसा असणार. पण ती वाजवत राहिली. मला कळायला एक क्षण उशीर झाला, मग मीही वाजवायला लागले, जीव खाऊन. अध्यक्ष वाजवतात म्हणून सरपंचांनी वाजवली, मग गुरुजींनी, मग सगळ्या पारानं. कशासाठी ते कोणालाच माहीत नव्हतं. थोड्या वेळानं सरपंचांनी पुरे म्हणून हात वर केला. म्हातारीनं त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

आणि त्या आवाजाच्या आडून तायडेबाबू बोलायला लागले. खरंच बोलत होते. मान शेजारच्या मोकळ्या जागेकडे वळवून, जिथे त्यांचा आजा उभा राहिला असेल तिकडे बघून. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते मधूनच हसत होते. चांगलं पाव तास बोलले असतील. काय बोलले ते कोणालाही ऐकू आलं नाही. मी त्यांना कधी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं, तर माझे हात इतके सुजलेले की मला दिवसभर एकही अर्ज टाइप करता आला नाही.